सावरीखालचा रुसवा

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे कोंबडा आरवायच्या आधी पत्र्याचा डबा वाजायचा. रॉकेलचा रिकामा डबा, त्यावर लोखंडी पळी, आणि तो वाजवणारी माझी आई. पेरूच्या बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती बडवत जायची, आणि तिच्या पुढे पुढे पोपटांचा हिरवा थवा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत राहायचा. ते घाबरून उडत असं मला कधी वाटलं नाही. रोज ठरल्या वेळी कुणीतरी गाणं म्हणायला येतं, तेवढ्यापुरतं उठून उभं राहावं, असा त्यांचा भाव असे. आई दमून घरात आली की ते परत बसत आणि प्रत्येक पेरूचा एकच चावा घेऊन पुढच्या पेरूकडे वळत. चावा घेतलेला पेरू बाजारात चालत नाही, घरात मात्र चालतो. त्याची गूळ घालून भाजी व्हायची, दह्यातली कोशिंबीर व्हायची, शेंगदाण्याचं कूट घालून चटणीसारखं काहीतरी व्हायचं. वर्षातले चार महिने आम्ही पोपटांचं उष्टं खाऊन वाढलो. मला अजून पुण्यातल्या मंडईतला अख्खा पेरू फिका लागतो. पोपट गोड फळ बरोबर हेरतात, हे त्यांच्याबद्दलचं एकमेव चांगलं मत आमच्या घरात होतं.

हे पुण्याबाहेर, मांजरी स्टेशनच्या पुढचं, नदीकडेचं गाव. आता त्याला कुणी गाव म्हणत नाही. पत्त्यात पुणे लिहितात. आमच्या घरात तेव्हा दोन कुटुंबं एकत्र होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते; त्यांच्या दोन्ही मुलांना मी दादा म्हणायची. धोतर सोडून पँट घालायला लागलेले, पण पँटीतही धोतरासारखे बसणारे. अण्णा म्हणजे माझे वडील, तात्यांच्या मागे चार पावलं चालणारे. बागेच्या पलीकडे उतारावर, थेट पाण्यापर्यंत, आमची राई होती. चिंचा होत्या, अर्जुनाची झाडं होती, आणि मधोमध जुन्या काटेसावरींची रांग, इतकी उंच की खालून शेंडा बघताना डोक्यावरचा पदर पडावा. ही राई आजोबांनी राखली, असं पुढे वर्तमानपत्रात छापून आलं. आजोबांनी ती तोडली नाही एवढंच खरं. सावरीचं लाकूड चुलीत जळत नाही, नुसता धूर करतं, आणि विकायला गेलं तर कुणी नेण्याचे पैसे देत नाही. त्या राईत नेहमीच्या पोपटांहून निराळे, जवळजवळ दुप्पट मोठे पोपट राहत. लालभडक जाड चोच, खांद्यावर तांबडा डाग, आणि आवाज असा घोगरा की कुणीतरी गंजलेली कडी ओढतंय. आम्ही त्यांना पहाडी म्हणायचो. आई त्यांना वेगळं काही म्हणायची, ते इथे लिहीत नाही.

शहरातल्या कॉलेजात जाणारी मी घरातली पहिली मुलगी. तिथे प्राणिशास्त्र शिकवायला सहस्रबुद्धे सर होते. कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यातले, बारीक अंगाचे, वर्गात कधीही आवाज न चढवणारे. त्याची त्यांना गरजच पडत नसे. एकदा तक्त्यावरचं चित्र दाखवून ते म्हणाले, हा पहाडी पोपट आपल्या शहराच्या आसपास आता जवळजवळ संपला, आपल्यापैकी कुणी तो रानात पाहिला असण्याची शक्यता नाही. मी हात वर करून म्हणाले, "सर, ते आमच्याकडे पेरू खातात."

"अस्सं," सर म्हणाले. "आणि जेवायला थांबतात का?"

वर्ग हसला. पण पुढच्या रविवारी भल्या पहाटे सरांची स्कूटर आमच्या बांधावर उभी होती. गळ्यात दुर्बीण, कानाला मफलर. समोर आई डबा बडवत होती.

"अहो ताई, आपण हे काय करताय?"

"हाकलतीय."

"तो फार दुर्मिळ पक्षी आहे हो."

"मंग आमच्याच पेरूवर कशाला येतो एवढ्या सकाळचा?"

मी त्यांना राईत घेऊन गेले. मधल्या सावरीच्या खोडात, बरीच उंचावर, एक ढोली होती. तिच्यातून लाल चोच डोकावली, इकडेतिकडे वळली आणि आत गेली. सर पालापाचोळ्यात मटकन बसले. मग मला हळू आवाजात समजावून सांगितलं की या पक्ष्याला अशी म्हातारी, पोकळ झालेली झाडंच लागतात, लहान झाडात त्याचं भागत नाही; आणि अशी झाडं दिसली की पिल्लं चोरून विकणारे तरी पोचतात नाहीतर करवत तरी पोचते. बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला. तो धुक्यामुळे पुसला असावा असं मी तेव्हा समजले. परत येताना ओट्यावर चहा झाला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मंग सर, याचं सरकार काय देतं का?"

"कशाचं?"

"पोपट ठेवल्याचं."

सर म्हणाले, समाधान मिळतं. तात्यांनी मान डोलावली आणि त्यांना पिशवीभर पेरू दिले, चावा घेतलेले.

उदारीकरण हा शब्द मी मैत्रिणीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचला, पण आमच्या गावात तो पांढऱ्या मोटारीतून आला. मोटारीतून उतरणारा माणूस एजंट असे, त्याच्या कमरेला पेजर असे, आणि तो सगळ्यांना काका म्हणे. कालपर्यंत ज्या जमिनीला वावर म्हणत तिला लोक 'प्रॉपर्टी' म्हणायला लागले. आम्ही रस्त्याकडेची एक पट्टी विकली आणि जुन्या घराच्या जागी बंगला उभा राहिला. त्याला गच्चीवर गरुडाच्या आकाराची टाकी होती आणि आत एक खोली अशी होती जिच्यात कुणीच बसायचं नाही. चूल गेली, गॅस आला. आई म्हणायची भाकरीला चव नाही. तात्या म्हणायचे, चव कसली बघतेस, फरशी बघ.

या बंगल्याच्या वास्तुशांतीला जे घडलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. तात्या-अण्णांना एकच बहीण, हौसाआत्या. लोणी काळभोरला दिलेली, मधल्या वयाची, ठेंगणी, आणि बोलणं असं की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागे. नव्या घरात पाण्याचा कलश घेऊन पहिलं पाऊल टाकायचं ते घरच्या लेकीनं, असा आमच्याकडे रिवाज. आत्या त्यासाठी नवं जरीचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन सकाळपासून तयार होती. ऐन वेळी एजंट आपल्या बायकोला घेऊन आला, आणि तात्यांनी, मोठ्या माणसाचा मान म्हणून, कलश तिच्या हातात दिला. त्या बाईला तो धरताही येईना. सगळं पाणी उंबऱ्यावर सांडलं. हौसाआत्या दुसऱ्या पंगतीला जेवली. लग्नात आल्यागेल्याला देतात त्या गठ्ठ्यातली एक साडी तिला आहेर म्हणून मिळाली. तिने ती घेतली, सगळ्यांच्या पाया पडली आणि एक अक्षर न बोलता गेली. आई रात्री अण्णांना म्हणाली, "वन्सं काही बोलल्या न्हाईत. मला भ्या वाटतंय." अण्णा म्हणाले, बोलली असती तर भ्यायचं.

वर्ष झालं आणि खरं मोठं गिऱ्हाईक आलं. कंप्युटरची कंपनी होती, त्यांना नदीचा देखावा पाहिजे होता, आणि देखावा आमच्या राईतून दिसत होता. कंपनीचे दोन साहेब बूट चिखलात रुतवत सगळं बघून गेले. त्यातला एक मला इंग्रजीतून म्हणाला की इथे काय शांतता आहे, आणि तेवढ्यात वरून पहाडी ओरडला. तात्यांचा हिशोब सोपा होता. त्यांच्या आणि बंगल्यापेक्षा मोठ्या बंगल्याच्या मध्ये दोनच गोष्टी उभ्या होत्या. एक हौसाआत्याची सही, कारण आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर तिघांचीही नावं लागली होती; रस्त्याकडेच्या पट्टीला तिने काही न विचारता सही दिली होती. दुसरी सहस्रबुद्धे सर. सरांनी एव्हाना पहाडी पोपट संरक्षण कृती समिती काढली होती. तिच्यात सर होते, एक निवृत्त बँक मॅनेजर होते, एक डॉक्टरीणबाई होत्या, आणि बैठकीत चहा गार का असतो यावर वाद घालणारे आणखी काही लोक होते. पण समितीने वनखात्याकडे अर्ज केला होता आणि कंपनी बिचकली होती. तात्या एक दिवस जेवताना म्हणाले, "झाडं हायती तवर पोपट. पोपट हायती तवर मास्तर. झाडंच काढून टाकू, परवानगीचं बघून घेऊ मागनं." आणि त्यांनी आमटी ओरपली. अण्णा ताटात बघत राहिले. ढोलीत तेव्हा पिल्लं होती. मी रोज सकाळी त्यांचा चिरका आवाज ऐकून मगच बस पकडायची.

तात्यांनी करवतवाल्यांना दुसऱ्या दिवसाचं बोलावणं धाडल्याचं कळलं, त्या दिवशी मी कॉलेजची बस पकडलीच नाही. उलट दिशेची पकडली आणि लोणीला गेले. समितीला सांगून काही होईल असं मला वाटत नव्हतं. त्यांची पुढची बैठक गुरुवारी होती. तात्या ज्या एका माणसाला दबकत असत, तो माणूस लोणीत अंगणात बसून वाल सोलत होता. मी धाप टाकत सगळं सांगितलं: झाडं, पिल्लं, करवतवाले उद्या सकाळी येणार. आत्याच्या हाताचा वेग तसाच होता.

"तात्यानं पाठवलं तुला?"

"नाही."

"अण्णानं?"

"नाही. मीच आले."

"म्हंजी कुनीच पाठवलं न्हाय," ती म्हणाली. मग मला गरम भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, वर तूप घातलं आणि विचारलं, "तुज्या त्या पोपटांचं मला काय सांगतीस? मला काय पोपटांनी मानपान केलाय?" मी जेवून परत आले. बसमध्ये मी रडले, पण खिडकीकडे तोंड करून, कारण शेजारी गावातली बाई बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाले आले तेव्हा मधल्या सावरीखाली हौसाआत्या बसलेली होती. पहिल्या टेम्पोने आली असावी. खाली घोंगडी, शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी, पितळेचा तांब्या. तांबड्या फुलांचा सडा पडला होता, त्यातली थोडी तिच्या मांडीवर पडली होती, ती तिने झटकली नव्हती. तात्या तरातरा उतारावरून आले.

"हौसा, बाजूला हो."

"का? माज्या बापाचं झाड हाय."

"झाड पडलं तर लागंल तुला."

"मंग पाडू नगं."

तात्यांनी आवाज खाली आणला. "घरात चल. चहा घे. बसून बोलू."

"कुठल्या घरात?" आत्या म्हणाली. "त्या घरात मला कोन वळखत न्हाय. मी आपली हितंच बरी."

करवतवाल्याने विचारलं, थांबू का जाऊ? कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तो थांबला, आणि थोड्या वेळाने आईने त्यालाही चहा नेऊन दिला. आत्याला चहा दिला तर तिने तोंड फिरवलं. भांडण भावाशी होतं, तरी चहा त्या घराचा होता. दुपारी कुठूनतरी कुणकुण लागून समिती आली. दोन मोटारी, एक कापडी फलक, आणि एक वार्ताहर. सहस्रबुद्धे सरांनी आत्याला झाडाला टेकून बसलेली पाहिली. ते हात जोडून म्हणाले, "मावशी, आपण आम्हाला लाजवलंत."

"मी काय केलं?" आत्या म्हणाली. "तुमीच सावलीत उभं ऱ्हा, ऊन लागंल."

समितीने तिच्याभोवती बसून घोषणा दिल्या. डॉक्टरीणबाईंनी भाषण केलं, त्यात 'ग्रामीण स्त्रीचं उपजत निसर्गप्रेम' हे शब्द होते. मग सगळ्यांनी आमच्या बागेतले पेरू खाल्ले. दुसऱ्या दिवशी पेपरात आत्याचा फोटो आला, खाली मथळा: पोपटांसाठी वृद्धेचा ठिय्या. मी तो तिला वाचून दाखवला. "वृद्धा कोनाला म्हनतो मेला?" एवढंच तिने विचारलं.

पेपरात आल्यावर वनखात्याचा साहेब आला, पंचनामा झाला, आणि करवत परत गेली. पण आत्या उठली नाही. ती कशाची वाट बघत होती ते त्या राईत दोघांनाच माहीत होतं, मला आणि अण्णांना. अण्णा त्या दिवसांत उतारावरून इतक्यांदा चढले-उतरले की त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते तात्यांकडे जायचे. "दादा, दोन शब्द बोल तिच्याशी. चुकलं म्हन. काय जातंय?"

"बोलतो की. आधी सही करू दे."

अण्णा खाली यायचे. "हौसा, सही करतीस का?"

"करते की. आधी त्याला बोलू दे."

सही करायला ती तयार होती, हे समितीला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. तिला पोपटांचं काही पडलं नव्हतं, पैसा नको होता असंही नव्हतं. तात्यांनी उतार उतरून येऊन "हौसा, चल घरी" एवढं म्हटलं असतं तर ती घोंगडी गुंडाळून सरळ कचेरीत गेली असती. मी रात्री अंथरुणात पडून देवाकडे काय मागावं याचा विचार करत असे. तात्यांनी माफी मागावी असं मागितलं तर पिल्लं जात होती. मागू नये असं मागितलं तर आत्या जात होती. शेवटी मी काहीच मागितलं नाही, आणि तात्यांनीही. आत्या रोज सकाळच्या टेम्पोने येई, संध्याकाळच्या टेम्पोने जाई, कामावर गेल्यासारखी. तिच्या डोक्यावर ढोलीत पिल्लं मोठी होत होती. एका सकाळी त्यातलं एक बाहेर येऊन फांदीवर वेडंवाकडं बसलं आणि तिच्या घोंगडीवर शिटलं. आत्याने वर बघितलं. "लई माजलंय," ती म्हणाली. पण त्या दिवशी संध्याकाळचा टेम्पो तिने चुकवला आणि अंधार पडेपर्यंत ते परत ढोलीत जातं का बघत राहिली. भाऊ उतरून येणार नाही हे तिला कळून चुकलं असावं; दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

कंपनी कंटाळून रस्त्यापलीकडची जमीन घेऊन मोकळी झाली. तिथल्या शेजाऱ्यांच्या दारात दोन वर्षांत दोन मोटारी उभ्या राहिल्या, आणि तात्या त्या मोटारी दिसू नयेत म्हणून गच्चीवर जायचे बंद झाले. समितीने आत्याचा शहरात सत्कार केला. शाल, श्रीफळ, तांबड्या खांद्याच्या पोपटाचं चित्र. सूत्रसंचालकाने विचारलं, पक्ष्यांची आवड आपल्याला कधीपासून? आत्या माइकपासून लांब सरकून म्हणाली, "आवड कसली, पेरूचा सत्यानास करत्यात." सभागृहात हशा आणि टाळ्या. सहस्रबुद्धे सर सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत होते. मला अजूनही खात्री नाही, पण मला वाटतं की त्यांना सगळं कळलेलं होतं. कसब्यातला माणूस, भाऊबंदकी त्यांना काही नवी नव्हती.

आज माझे केस पिकलेत. राई आहे, पहाडी आहेत, पलीकडच्या काचेच्या इमारतीतली पोरंपोरी जेवणाच्या सुट्टीत त्यांचे फोटो काढतात. तात्यांनी पुढच्या सगळ्या वर्षांत आत्याचं नाव काढलं नाही, आत्याने त्यांचं. दिवाळीत ती अण्णांना ओवाळायची ते लोणीला बोलावून. तात्या आजारी पडले तेव्हा शेवटचे दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी होते. ते फार बोलत नव्हते. पाणी मागत, आणि एकदा पलीकडच्या जमिनीचा भाव विचारला.

दहाव्याला हौसाआत्या नदीवर आली. आता खरोखरच वृद्धा. सगळं आटोपल्यावर तिने अण्णांना बाजूला घेतलं. मी तिला धरून उभी होते.

"जाताना माज्याबद्दल काय म्हनला का रं?"

अण्णा नदीकडे बघत म्हणाले, "म्हनला ना. हौसाला बोलवा म्हनला. माझं चुकलं म्हनला."

आत्याने पदर डोळ्यांना लावला आणि तशीच उभी राहिली. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मंग आन तो कागद. करते सई. आता काय ऱ्हायलं."

वर येताना मी अण्णांना म्हणाले, "तात्या असं काही म्हणाले नव्हते."

"न्हाय म्हनला."

"आणि कागद? दोघे दादा आजच वकिलाकडे जातील. ती सही करायला तयार आहे."

अण्णा बांधावर थांबले. चढ त्यांना सोसत नव्हता. "मी तिला सुख वाटावं म्हनून खोटं बोललो," ते म्हणाले. "त्या खोट्यावर तिची सही घेतली, तर मंग ती लबाडी झाली. पोरांना सांग, तयार न्हाय म्हनून."

मी सांगितलं. चुलतभावांनी आत्याला शिव्या घातल्या, त्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. ती मात्र दर दिवाळीला अण्णांना विचारते, कागद झाला का, आणि अण्णा सांगतात, वकील गावाला गेलाय. गेल्या दिवाळीला ओवाळून झाल्यावर तिने तबक माझ्या हातात दिलं, अण्णा पाय धुवायला मागे गेले होते, आणि ती मला म्हणाली, "तुज्या बापाचा वकील लई फिरस्ता हाय गं. असू दे. येईल तवा येईल."